रन म्हणजे धावणे?

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. क्लायंटकडून गुरुवारी एक मेल आली. त्यात एक वाक्य होतं, 'प्लीज रन द स्क्रिप्ट बाय अवर डीबीए बिफोर फ्रायडे.' जुन्या ऑर्डर्स साफ करणारी स्क्रिप्ट होती, मीच लिहिलेली. मी मनातल्या मनात शब्दाला शब्द लावला. रन म्हणजे चालवणे, बाय म्हणजे कडून. म्हणजे डीबीएकडून स्क्रिप्ट चालवून घ्यायची, शुक्रवारच्या आत. एकदम सोपं! तिकीट टाकलं, मेल जोडली, रात्रपाळीच्या माणसाने तिकिटाबरहुकूम स्क्रिप्ट चालवली आणि मी निवांत घरी जाऊन झोपलो.

सकाळी फोनवर फोन. रिपोर्टच्या टेबलमधल्या हजारो नोंदी गायब! आमची टीम लीड, जी एरवी कधी आवाज चढवत नाही, ती म्हणाली, "अरे, डीबीएच्या नजरेखालून घाल असं म्हणत होता तो! चालव कुणी सांगितलं?"

बॅकअपमधून सगळं परत आणण्यात अख्खा शनिवार गेला. नोकरी वाचली, पण त्या दिवसापासून 'रन' हा शब्द डोक्यात बसला. मी मराठी माध्यमातला. पाचवीत इंग्रजीच्या वहीत उभी रेघ मारून डावीकडे 'रन' आणि उजवीकडे 'धावणे' असं लिहिलेलं मला अजून आठवतं. दिवसातून पन्नास वेळा वापरायचा हा शब्द, आणि आपल्याला तो येत नाही? मग जरा खोदायला घेतलं. जे सापडलं ते इतकं भारी होतं की त्या शनिवारचं दुःख बरंच कमी झालं :)

सुरुवात आकड्यापासून करू. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी २०११ मध्ये 'रन' या शब्दाची नोंद नव्याने लिहून पूर्ण केली. पीटर गिलिव्हर या संपादकाला त्यासाठी नऊ महिने लागले आणि एकट्या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५! त्याआधी हा मान 'सेट'कडे होता. १९८९ च्या आवृत्तीत 'सेट'चे ४३० अर्थ होते. म्हणजे माझ्या वहीतल्या उजव्या रकान्यात ६४४ ओळी कमी होत्या.

गंमत म्हणजे कोशकारांनासुद्धा हे सोपे शब्द फार उशिरा दिसले. १६०४ साली रॉबर्ट कॉड्रीने इंग्रजी-इंग्रजी असा पहिला कोश काढला, त्यात अडीच हजारांच्या आसपास शब्द होते, पण सगळे कठीण. लॅटिनमधून, फ्रेंचमधून आलेले जड जड शब्द. 'रन'चा अर्थ काय छापायचा? तो तर शेंबड्या पोरालाही येतो! पुढे दीडशे वर्षांनी, १७५५ मध्ये, सॅम्युअल जॉन्सनने आपला प्रसिद्ध कोश काढला. तो मात्र या साध्या क्रियापदांशी खरोखर भिडला. त्याने एकट्या 'टेक'चे १३४ अर्थ नोंदवले.

मग आले जेम्स मरे. ऑक्सफर्ड डिक्शनरीचं काम त्यांच्याकडे १८७९ मध्ये आलं. स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातल्या शिंप्याचा मुलगा, शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली, बाकी सगळं स्वतःच शिकलेला. त्याआधी ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीसाठी अर्ज केला होता तोही नाकारला गेलेला. अशा माणसाने इंग्रजीचा सगळ्यात मोठा कोश उभा केला ही गोष्ट मला फार धीर देते.

मरेंची पद्धत आजच्या भाषेत सांगायची तर क्राउडसोर्सिंगची होती. जगभरच्या स्वयंसेवकांनी पुस्तकं वाचायची आणि शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवायचं. बागेत एक पत्र्याची खोली, तिच्यात लाकडी खण, आणि त्यात लाखो चिठ्ठ्या. पण चिठ्ठ्या लावायला घेतल्या तेव्हा एक घोळ लक्षात आला. लोक नवलाईचे शब्द हौसेने पाठवायचे आणि रोजचे शब्द सोडून द्यायचे. 'अब्यूजन' या कुणीही न वापरलेल्या जुनाट शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या होत्या आणि 'अब्यूज' या साध्या शब्दाच्या पाचसुद्धा नव्हत्या! शेवटी मरेंना आवाहन करावं लागलं की बाबांनो, साधे शब्दही पाठवा.

हे वाचलं आणि मला आमच्या हॉस्टेलमधले जीआरईचे दिवस आठवले. भिंतीवर अवघड शब्दांच्या याद्या चिकटवून पाठ करणारे आम्ही. त्यातला एकही शब्द पुढे कुठल्या मेलमध्ये भेटला नाही. भेटले ते रन, गेट, पुट, सेट, टेक. आणि दांडी नेमकी तिथेच गुल!

मूळ करार होता दहा वर्षांत कोश पूर्ण करण्याचा. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये पहिला भाग आला तेव्हा गाडी 'अँट' या शब्दापर्यंत पोचली होती (आपले प्रोजेक्ट एस्टिमेट्स आठवा!). 'सेट' हेन्री ब्रॅडलीच्या वाट्याला आला. त्याची नोंद अठरा पानांपेक्षा मोठी झाली, मुख्य विभाग १५४. शेवटच्या 'सेट अप'चे पोटविभाग इतके झाले की एबीसीडी संपली आणि पुन्हा दोन-दोन अक्षरं घेऊन मोजावं लागलं. कोश पूर्ण झाला १९२८ मध्ये. मरे १९१५ मध्येच गेले होते.

आता खरा प्रश्न. 'रन'मध्ये असं काय आहे की त्याला ६४५ अर्थ फुटावेत? माझ्या मते याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण मुळातच आहे. हा शब्द फक्त पायांचा कधीच नव्हता, तो पाण्याचाही होता. जुन्या इंग्रजीत त्याची 'रिनन' आणि 'इर्नन' अशी दोन रूपं सापडतात. र आणि स्वर यांची अदलाबदल झालेली, आपण 'चिकटणे'चं 'चिटकणे' आणि 'नुकसान'चं 'नुसकान' करतो ना, तशी. आणि अर्थ होता धावणे, तसाच वाहणेसुद्धा. जर्मनमध्ये आजही 'रिनन' म्हणजे वाहणे, झिरपणे आणि 'रेनन' म्हणजे पळणे. अनेक भाषाशास्त्रज्ञ हे सगळं 'री' म्हणजे वाहणे अशा एका फार जुन्या धातूपर्यंत नेतात. ऱ्हाइन नदीचं नाव त्याच घरातलं मानतात. आणि आपला संस्कृत 'रीति' हा शब्दही! संस्कृतात 'रीति'चा एक जुना अर्थ प्रवाह, धारा असा आहे. त्यावरून ओघ, मग ओघाने चालत आलेली पद्धत. गणिताच्या वहीत आपण 'रीत' लिहून पायऱ्या मांडायचो, ती रीत. प्रोग्राम म्हणजे तरी दुसरं काय असतं? असो.

हे एकदा कळलं की अर्ध्याहून जास्त अर्थ आपोआप सुटतात. नाक 'रन' होतं, नळ 'रन' होतो, कपड्याचा रंग 'रन' होतो. यात पळापळ कुठेच नाही, वाहणं आहे. मराठीत आपण इथे वेगवेगळे शब्द वापरतो, नाक वाहतं, नळ चालू असतो, रंग जातो. पुढे रस्ता गावातून 'रन' होतो, नाटक वर्षभर 'रन' होतं, मधुमेह घराण्यात 'रन' होतो. सगळ्याच्या मुळाशी एकच कल्पना, एकदा सुरू झालं की आपल्या ओघाने पुढे जात राहणं. पाय लागतातच असं नाही.

दुसरं कारण व्याकरणाचं आहे आणि मला ते सगळ्यात आवडलं. शाळेत आपण प्रयोजक क्रियापद शिकलो. बसणे-बसवणे, चालणे-चालवणे, पळणे-पळवणे. स्वतः करणं वेगळं आणि दुसऱ्याकडून करवणं वेगळं. जुन्या इंग्रजीतही अशा जोड्या होत्या. त्यातल्या थोड्या आजही टिकून आहेत. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे मुळात बसवणे. 'लाय' म्हणजे पडून असणे आणि 'ले' म्हणजे ठेवणे. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणे. म्हणजे मघाचा तो ४३० अर्थांचा 'सेट' हा आपला साधा 'बसवणे' निघाला!

'रन'चीही अशी जोडी होती. 'इर्नन' म्हणजे धावणे आणि 'अर्नन' म्हणजे धावायला लावणे, घोडा दौडवणे. पण पुढच्या काही शतकांत, शेजारच्या नॉर्स भाषेतल्या मिळत्याजुळत्या शब्दांचीही त्यात भर पडत, ही दोन क्रियापदं एकमेकांत मिसळली आणि मागे एकच 'रन' उरला. त्यामुळे आज प्रोग्राम 'रन' होतो त्याला 'रन', मी प्रोग्राम चालवतो त्यालाही 'रन'. घोडाही 'रन' आणि घोड्याचा मालकही 'रन'. दोन घरांची भिंत पडली आणि एकाच माणसाला दोन्हीकडची मालमत्ता मिळाली. अर्थ दुप्पट होणारच!

तिसरं कारण इतिहासाचं. प्रत्येक काळाने आपली सगळ्यात वेगाने हलणारी वस्तू या शब्दाच्या हाती दिली. आधी नद्या आणि घोडे होतेच. मग आली जहाजं. वारा पाठीमागून घेऊन जहाज जातं तेव्हा ते 'रन' करतं, खडकावर आपटतं तेव्हाही 'रन'च करतं. चोरटा माल किनाऱ्यावर उतरवणं म्हणजे 'रन'. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) उत्तरेच्या नाकेबंदीतून बोटी काढणाऱ्यांना 'ब्लॉकेड रनर' म्हणायचे. तिकडे लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी पेढ्यांवर पैसे काढायला लोकांची झुंबड उडायला लागली, तिलाही 'रन'च म्हणायला लागले. तो अर्थ अजून जिवंत आहे. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर रांगा लागल्या तेव्हा ब्रिटनमधल्या बँकेवर १८६६ नंतर पहिल्यांदाच असा 'रन' आला होता.

त्यानंतर यंत्रं आली आणि मग तर धबधबाच. गिरणीचं चाक पाण्यावर फिरायचं, पाणी 'रन' व्हायचं म्हणून गिरणीही 'रन' व्हायला लागली. गिरणीतून प्रतवारी न करता बाहेर पडेल तो माल म्हणजे 'रन ऑफ द मिल'. म्हणूनच आज त्याचा अर्थ सामान्य, चारचौघांसारखा. इंजिन 'रन' होतं, गाड्या 'रन' होतात. आणि इथे एक मजा बघा. घड्याळ, पंखा, मशीन, दुकान हे सगळं मराठीत 'चालतं', पण रेल्वे मात्र 'धावते'! १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 'धावली' असंच आपण म्हणतो आणि गणपतीला कोकणात ज्यादा गाड्यासुद्धा 'धावणार' असतात. बस बंद पडली की ती 'चालत' नाही, पण सुरू झाली की शहरात 'धावायला' लागते.

पुढे अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात यंत्र चालवण्यावरून धंदा चालवणं, हॉटेल चालवणं, गाव चालवणं हे सगळंच 'रन' झालं. निवडणुकीतही अमेरिकन माणूस 'रन' करतो. ब्रिटिश माणूस त्याच निवडणुकीला 'स्टँड' करतो. आपण मराठीत निवडणुकीला उभे राहतो, म्हणजे या बाबतीत आपण लंडनच्या बाजूचे. आणि क्रिकेटला विसरून कसं चालेल? अठराव्या शतकात 'रन'ला 'नॉच' असंही म्हणायचे, कारण गुणलेखक काठीवर सुरीने खाचा पाडून मोजायचा. आता तर षटकार मारून फलंदाज जागचा हलत नाही, तरी त्याच्या नावावर सहा 'धावा' लागतात. न धावता धावा! यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

आता आपल्या हापिसातला 'रन'. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर विद्यापीठात 'बेबी' नावाच्या यंत्रावर, यंत्राच्याच स्मृतीत साठवलेला पहिला प्रोग्राम चालला. तो टॉम किलबर्न यांनी लिहिला होता. सूचना अवघ्या १७. काम काय, तर २,६२,१४४ या संख्येचा, ती संख्या सोडून, सगळ्यात मोठा विभाजक शोधायचा. उत्तर १,३१,०७२. आपण ते तोंडी सांगू, पण त्या यंत्राने खालच्या संख्यांना एकेक करून तपासत ५२ मिनिटं घेतली. कल्पना करा, पडद्यावर ठिपके नाचतायत आणि माणसं नुसती बघतायत. सुरू करून दिलं की आपल्या ओघाने जात राहणं, तोच जुना पाण्याचा अर्थ!

तरी बरीच वर्षं हा 'रन' सामान्य माणसाच्या हातात नव्हता. कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा, त्याला वेळ होईल तेव्हा तो 'रन' करणार, आणि एक स्वल्पविराम चुकला की दुसऱ्या दिवशी परत रांगेत. हे बदललं १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांना विज्ञानाच्या नव्हे तर साहित्य, इतिहास शिकणाऱ्या मुलांनाही कॉम्प्युटर वापरता यावा असं वाटत होतं. म्हणून त्यांनी बेसिक ही भाषा केली आणि यंत्राला द्यायचे हुकूम मुद्दाम साधे ठेवले. आत येताना 'हॅलो', जाताना 'गुडबाय', आणि प्रोग्राम चालवायला 'रन'. पाठांतर करायची गरज नसलेला शब्द म्हणून तो निवडला गेला. पुढे जीडब्ल्यू-बेसिकच्या काळ्या पडद्यावर 'रन' टाइप करून आपल्या आधीची पिढी कॉम्प्युटर शिकली. लिनक्समधल्या फाइल्सच्या नावाशेवटी 'आरसी' ही दोन अक्षरं असतात ना, तीही 'रनकॉम' या लुई पूझाँ यांनी एमआयटीत साठच्या दशकात लिहिलेल्या प्रोग्रामच्या नावावरून आलेली. रनकॉम म्हणजे 'रन कमांड्स'.

आता थोडं आपल्याबद्दल. आपण म्हणतो 'स्क्रिप्ट रन केली' आणि 'स्क्रिप्ट रन होतेय'. शुद्ध मराठीवाले यावर नाक मुरडतात. पण नीट बघा, करणे आणि होणे लावून आपण काय केलं? इंग्रजीची हजारएक वर्षांपूर्वी पडलेली ती भिंत परत बांधली! करणारा वेगळा आणि होणारं वेगळं. मराठी माणसाला हा फरक केल्याशिवाय करमतच नाही. मी क्लायंटच्या मेलमध्ये नेमका हाच फरक शोधत होतो, आणि तिथे भलताच तिसरा अर्थ बसलेला होता.

आणि इंग्रजीच तेवढी विचित्र असंही नाही. आपला 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नंबर लागतो, आग लागते, वेळ लागतो, घाटात बस लागते, कामाला लागतो आणि शनिवारी ऑफिसला यावंही लागतं. हे एखाद्या परदेशी माणसाला एका ओळीत समजावून दाखवा! मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने हे शिवधनुष्य उचललं होतं. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. त्याच १८५७ मध्ये लंडनला रिचर्ड ट्रेंच यांनी इंग्रजी कोशांमधल्या उणिवांवर भाषण दिलं, ज्यातून पुढे ऑक्सफर्ड डिक्शनरी उभी राहिली. म्हणजे तिकडे कामाची नुसती चर्चा सुरू होत होती, तेव्हा इकडे मराठीच्या कोशाची दुसरी आवृत्ती हातात होती.

आमच्या टीममध्ये दर वर्षी नवी मुलं येतात. लातूर, सांगली, जळगाव, कुठून कुठून. कोडमध्ये आमच्यापेक्षा हुशार, पण क्लायंटचा कॉल असला की गप्प. त्यांना वाटतं आपलं इंग्रजी कच्चं आहे, म्हणजे मोठे शब्द येत नाहीत. मी त्यांना ती शनिवारची गोष्ट सांगतो आणि मग मरेंच्या चिठ्ठ्यांची. मोठे शब्द नाही आले तरी चालतं, डिक्शनरी आहे. अडतात ते छोटे. ते शब्द = अर्थ असे पाठ करून येत नाहीत, वाक्यासकट टिपून ठेवले तर येतात. आणि शंका आली तर सरळ विचारायचं, त्यात कमीपणा काहीच नाही. एका शब्दासाठी ऑक्सफर्डच्या संपादकाला नऊ महिने लागतात, तर तुम्ही-आम्ही दोन मिनिटं थांबून विचारायला काय हरकत आहे?

मी एक वही केलीय. उभी रेघ मारलेली नाही. पहिल्या पानावर गुरुवारच्या मेलमधलं ते वाक्य आहे, आणि त्याच्यासमोर लीडचं वाक्य, 'नजरेखालून घाल'. आता स्क्रिप्ट चालवायच्या आधी ती कुणाच्या तरी नजरेखालून घालतोच. ही रीत तेवढी कायमची लागली.